शिगेनोसानांचा कप्पा हसत नाही

शिगेनो एझाकी यांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते कालव्याच्या तळाशी. आमच्याकडे हिवाळ्यात नदीकडची दारं बंद करून कालव्यांचं पाणी उतरवतात. गावभर कालवे, प्रत्येक घरामागे पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, आणि वर्षातून एकदाच त्यांचा तळ दिसतो. तेवढ्या दिवसांत सगळं गाव गाळ काढायला उतरतं. पण हौसेने काढणं वेगळं आणि पगारावर काढणं वेगळं. मी नगरपालिकेच्या गाळकामावर होतो आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. फावडं किती भरायचं म्हणजे कंबर टिकते ते मला कळतं. कोण काम करतंय आणि कोण नुसतंच चिखलात उभं आहे हे मी लांबूनही ओळखतो.

या बाई फावडं न घेताच उतरल्या होत्या. पायात नवऱ्याचे रबरी बूट, डोक्याला पंचा, हातात पुठ्ठ्यावर लावलेला कागद. पायऱ्यांच्या खाली पाण्याने दगड आतून खाल्ला होता, तिथे वाकून बघत होत्या.

"बाई, फावडं घरी राहिलं वाटतं," मी म्हटलं.

"तुमच्याकडे आहे ना? मग चालू द्या."

"काही पडलंय का तुमचं?"

"नाही. हात शोधतेय."

"कोणाचा?"

"कप्पाचा. तो इथूनच येत असणार. तुम्ही रोज इथे असता, तुम्हाला काय वाटतं?"

कप्पा हा आमच्या पाण्यातला राक्षस. पोराएवढा उंच, पाठीवर कासवाचं कवच, डोक्यावर पाण्याने भरलेली बशी. पायरीवर बसलेल्या मुलाचा पाय धरून खाली ओढतो आणि मागच्या बाजूने हात घालून काळीज काढून घेतो. माझी आजी हे सगळं सांगून झाल्यावर शांतपणे विचारायची, "मग, जातोस का पोहायला?"

बाईंनी प्रश्न चेष्टेत विचारला नव्हता, म्हणून मीही सरळ उत्तर दिलं. "इथून नाही येणार. इथे दगड घट्ट बसलाय. त्या वाळुंजीच्या झाडाखाली बघा. मुळांमागे पोकळी आहे, माझं फावडं दांड्यासकट आत जातं."

त्या तिथे गेल्या आणि पाय बधिर होईपर्यंत मुळं कागदावर उतरवत राहिल्या. मी गाळ काढत होतो, त्या चित्र काढत होत्या. संध्याकाळी दोघांची कंबर सारखीच धरली होती. मला ते बरं वाटलं.

शिगेनोसान, मानाने आम्ही नावाला सान लावतो, मूळच्या समुद्राकडच्या भरावाच्या जमिनीतल्या. त्यांचे आईवडील लव्हाळा पिकवायचे. लव्हाळ्याची कापणी भर उन्हाळ्यात येते. कापायचा, रंगाच्या चिखलात बुडवायचा, वाळवायचा, आणि हे सगळं ऊन चढायच्या आत. शाळा जेवढी सक्तीची होती तेवढीच झाली. लग्न होऊन त्या आमच्या गल्लीत चटयांच्या घरात आल्या. नवरा गावोगाव चटया विकायचा, या माग चालवायच्या. आमच्याकडच्या चटयांवर चित्रं असतात: फुलं, बगळे, डोंगर. असं चित्र विणताना ते एकदम दिसत नाही. खालच्या काठापासून एकेक काडी घालत वर उगवतं. बगळ्याचे पाय आधी येतात, चोच शेवटी. शिगेनोसानांना पूर्ण बगळा डोक्यात धरून पायांपासून सुरुवात करायची सवय होती. त्या कागदावरही तशाच चित्र काढायच्या, खालून वर. त्यामुळे त्यांच्या कागदावरचं काहीही आत्ताच पाण्यातून डोकं काढत असल्यासारखं वाटायचं.

विजेवरचा माग आला, हातमाग निघाले आणि घरातली पुढची खोली रिकामी झाली. तिथे त्यांनी मुलांसाठी पुस्तकं ठेवली. शाळेने टाकून दिलेली, शेजारणींनी दिलेली, काही नवऱ्याने फिरतीवरून आणलेली. शनिवारी शाळा सुटली की मुलं यायची. चपला दाराबाहेर, हात धुवायचे, ओल्या हाताने पुस्तकाला शिवायचं नाही. वाचनालय म्हणायला तेवढंच. मुलांना सगळ्यांत जास्त राक्षसांची पुस्तकं हवी असायची. डोंगरातला नाकाड्या, एका डोळ्याची छत्री, मान लांबवणारी बाई, आणि कप्पा. कप्पाची तर लाटच होती तेव्हा. शहरातून येणाऱ्या प्रत्येक पुस्तकात तो गोलमटोल, हिरवागार आणि हसरा. मुलांबरोबर कुस्ती खेळतो, हरला की रडतो.

शिगेनोसानांनी ती सगळी वाचली. नावं ठेवली नाहीत. कागद चांगला आहे, रंग चांगले आहेत, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हा कप्पा पाहुणा म्हणून ठीक आहे, इवाकिचिसान. पण याला मागच्या पायऱ्यांवर राखणीला ठेवून मला माग चालवता येणार नाही."

त्यांचं म्हणणं मला पटलं, कारण मी रोज कालव्यातून होडी ढकलत जायचो. पूर्वी पायऱ्यांवर सदा कुणीतरी असायचं. कुणी तांदूळ धुतंय, कुणी लंगोट पिळतंय, कुणी मुळे घासतंय. पोर घसरलं तर हात पुढे यायचा. मग घराघरांत नळ आला. चांगलंच झालं. पण पायऱ्या ओस पडल्या आणि पाणी होतं तसंच राहिलं. दुपारी सगळं गाव मागाच्या खडखडाटात, आणि पाण्याजवळ कोणी नाही.

"आता तिथे फक्त कप्पा उरलाय," शिगेनोसान म्हणाल्या. "निदान तो तरी धड असू दे."

एकदा शेजारच्या नोबुएसानने त्यांना विचारलं होतं, "तुमचं कोणी बुडालं होतं का हो? म्हणून हे सगळं?"

"नाही. आधी कोणी बुडावं लागतं का?"

म्हणून त्यांनी स्वतःच कप्पाचं पुस्तक काढायला घेतलं होतं. ते व्हायला एक हिवाळा पुरला नाही. कप्पाची पहिली चित्रं त्यांनी न्हाणीच्या चुलीत घातली. मला दाखवायच्या. मी म्हणायचो, पाणी फार स्वच्छ दिसतंय, आमच्या पाण्यात हात घातला तर मनगट दिसत नाही. त्या कागद परत न्यायच्या. शेवटी त्यांनी विकतचे रंग सोडले आणि लव्हाळा बुडवतात तो चिखल गाळून वापरला. मग जमलं. चटयांचे गठ्ठे बांधायचा जाड कागद घेतला आणि मागावर ताण्याला लागतो त्या तागाच्या दोऱ्याने शिवला. टाके मी तपासले. ओढून पाहिले. हलले नाहीत.

पुस्तकात शब्द थोडे होते. पहिल्या पानावर पायऱ्या आणि पाणी. दुसऱ्यावर तेच, पण पाण्यावर बुडबुडे. मग वाळुंजीची मुळं, आणि त्यांतलं एक मूळ जरा वेगळं. पुढचं पान उलटलं की ते मूळ नसून बोटं आहेत हे कळायचं. मग एका मुलाचा पाय आणि त्याभोवती ती बोटं. डोळे कुठेच नाहीत, दात नाहीत, हसू तर नाहीच. मी पन्नाशीला आलेला माणूस. ते पान पाहून मीसुद्धा होडीबाहेर सोडलेला पाय आत घेतला असता.

त्यांच्या सासूबाईंचं, तोरासानांचं, मत पडलं की एवढ्यावर संपवायचं नाही.

"कुणीतरी वाचलं पाहिजे गं शेवटी. नाहीतर पोरं जेवणार नाहीत, आणि त्यांच्या आया माझ्या दारात येतील."

"कसं वाचवू?"

"कसं म्हणजे? काकडीने. आम्ही काय उगाच करत आलो?"

ही आमच्याकडची जुनी रीत. उन्हाळा लागला की पहिल्या काकडीवर घरातल्या मुलाचं नाव कोरायचं आणि ती पाण्यात सोडायची. कप्पाला काकडी फार आवडते. काकडी घेतो, मुलाला सोडतो. म्हणून शेवटच्या पानावर एक म्हातारी आली. ती नाव कोरलेली काकडी पाण्यात सोडते, हात जोडून वाकते, आणि बोटं सुटतात. म्हातारीचं नाक अगदी तोरासानांचं होतं. त्यांनी ते पान गल्लीत सगळ्यांना दाखवलं.

पुस्तक घरी न्यायला मिळायचं नाही. तिथेच, उजेडात, शिगेनोसानांच्या समोर वाचायचं. पान मात्र मुलाने स्वतः उलटायचं. त्या कधीच उलटून द्यायच्या नाहीत. "तुला पुढे जायचंय का? मग तूच उलट." काही मुलं मुळांपाशी थांबायची आणि पुढच्या शनिवारी परत यायची. सगळ्यांत जास्त हाताळलेलं पुस्तक तेच. घरी जाताना पोरं कालव्याकडची वाट सोडून रस्त्याने जायला लागली. मी होडीतून बघायचो. पायऱ्या रिकाम्या असायच्या, आणि आता ते बरं वाटायचं.

कुमाशिरो मास्तर त्याच सुमारास आमच्या शाळेत आले. तरुण, सडपातळ, ऐकून घेणारा माणूस. ते एका शनिवारी चप्पल काढून आत आले, मुलांमध्ये बसले आणि आपली पाळी आल्यावर पुस्तक वाचलं. बोटांच्या पानावर थांबले. मग पुढे गेले. मी तेव्हा दाराची चौकट ठोकत होतो.

मुलं गेल्यावर ते म्हणाले, "चित्र फार चांगलं आहे, शिगेनोसान. तीच अडचण आहे."

"चहा घ्या."

"माझ्या वर्गात एक मुलगा न्हाणीघरात उतरत नाही. टबातल्या पाण्याला घाबरतो."

"कोण, तांदूळवाल्यांचा? तो आधीपासूनच आंघोळीला पळतो. त्याला आता सबब मिळाली."

मास्तर हसले. "असेल. पण दुसरी एक झोपत नाही. ते बोटांचं पान काढता येईल का? एवढंच विचारतो."

"ते पान काढलं तर उरतं काय? पायऱ्या, पाणी आणि सासूबाई."

आतून तोरासान ओरडल्या, "ऐकू येतंय मला."

"मास्तर," शिगेनोसान म्हणाल्या, "तुम्ही डोंगराकडचे. तुमच्याकडे काय सांगतात मुलांना?"

"कड्यावर जाऊ नका, असं सांगतात."

"आणि जात नाहीत?"

"जातात."

"झालं तर मग."

मास्तरांनी चहा संपवला. मग जे म्हणाले ते मला लक्षात राहिलं. "मुलाला घाबरवता येतं. पण घाबरलेलं मूल कुठल्या बाजूला पळेल ते आपल्या हातात नसतं."

"माझ्याकडची रस्त्याने पळतात," शिगेनोसान म्हणाल्या. त्यांच्या आवाजात शंका नव्हती. माझ्याही मनात नव्हती.

त्याच उन्हाळ्यात नोबुएसानची चिझुरु पाण्यात पडली.

मी कालव्यातलं शेवाळ कापत होतो. होडीत उभं राहून लांब दांड्याचा विळा चालवायचा आणि कापलेलं शेवाळ आकडीच्या बांबूने ओढून घ्यायचं. चिझुरु त्यांच्या मागच्या पायऱ्या उतरताना दिसली. पहिलीतली पोर. दोन्ही हातांत काहीतरी जपून धरलं होतं. शेवटच्या पायरीवर कायम बुळबुळ असते, मीही तिथे पाय ठेवत नाही. मी हाक मारली, पण तिचं लक्ष नव्हतं. तिने वाकून काकडी पाण्यावर ठेवली, मागे सरकली, पाय जुळवले आणि नीट, घरी शिकवलंय तसं, कंबरेतून वाकून नमस्कार केला. मोठ्या माणसाला करतात तेवढा खाली. आणि तशीच डोक्यावर पाण्यात गेली.

होडीतून उडी मारायची नसते. होडी उलटते आणि मग दोघांना काढायला तिसरा लागतो. मी बांबू पुढे केला, आकडी तिच्या कमरेच्या पट्ट्यात अडकवली आणि ओढलं. ओढताना ती माझ्या आकडीशी झटत होती, दोन्ही हातांनी मारत होती, दातांनी चावत होती. तिला वाटलं कप्पाने धरलं. मी तिला होडीत घेतलं तरी ती माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या बोटांकडे बघत होती.

पाणी तिने फार प्यायलं नव्हतं. नोबुएसान मागावरून धावत आली, शिगेनोसानही आल्या, केसांत लव्हाळ्याचा भुसा तसाच. नोबुएसानने मुलीला पंच्यात गुंडाळलं आणि मग शिगेनोसानांकडे वळली.

"तुमच्या पुस्तकात आहे ना हे? काकडी सोडा, वाका. माझी मुलगी तेच करायला गेली. तुम्हीच घातलीत तिला पाण्यात."

शिगेनोसान मुलीसमोर उकिडव्या बसल्या.

"चिझुरु, काकडी कोणासाठी होती?"

"कप्पासाठी."

"तुझं नाव घातलंस?"

"बाळाचं." तिचा भाऊ तेव्हा नुकता रांगायला लागला होता. "तो आता मागच्या दारापर्यंत येतो. मी कप्पाला सांगायला गेले की त्याला नेऊ नको."

"तुला भीती नाही वाटली?"

"खूप वाटली."

"मग गेलीस कशी?"

चिझुरुने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं मोठ्यांना साधं कळत नाही तेव्हा मुलं बघतात. "भीती वाटली म्हणूनच गेले ना."

शिगेनोसान उठल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आकडी वेळेवर पोचली, इवाकिचिसान," आणि घरी गेल्या.

त्या शनिवारी पुढची खोली उघडली नाही. मुलं येऊन बंद दार बघून गेली. नोबुएसानचं म्हणणं सरळ होतं: पुस्तक जाळा, नाहीतर ती खोली बंद करा. बऱ्याच जणी तिच्या बाजूने होत्या आणि त्यांना दोष देता येत नव्हता. देवळाच्या सभागृहात बसायचं ठरलं.

त्याआधी मी शिगेनोसानांकडे गेलो. माग बंद होता. पुस्तक समोर ठेवून बसल्या होत्या.

"मास्तर जिंकला म्हणतायत लोक," मी म्हटलं.

"मास्तर बरोबरच होता. पण मीही चुकीची नाही. ती घाबरली, आणि घाबरायलाच हवं होतं. फक्त पळाली उलट्या बाजूला. तिला वाट मीच दाखवली होती. कुठे दाखवली ते शोधतेय."

"सापडली?"

त्यांनी शेवटचं पान उघडून माझ्यापुढे केलं. सासूबाईंचं नाक, काकडी, वाकलेली पाठ. "सगळ्यांना आवडणारं पान," त्या म्हणाल्या.

सभेला बायकाच जास्त होत्या. मास्तर कडेला बसले होते. तोरासान पुढे, उशीवर, कारण त्यांच्या गुडघ्यांना जमीन सोसत नसे. नोबुएसान बोलली. थोडं आणि मुद्द्याचं बोलली. मग सगळे शिगेनोसानांकडे वळले. मला वाटतं बहुतेकांची अपेक्षा होती की त्या वाकून माफी मागतील आणि पुस्तक बंद करतील. त्या वाकल्या, माफीही मागितली. पण मग सरळ बसल्या.

"चूक माझ्या पुस्तकाची आहे. बोटांच्या पानाची नाही, काकडीच्या. मी आधी असा राक्षस काढला की मुलं पाण्याजवळ फिरकत नव्हती. मग शेवटी मीच दाखवलं की त्याच्याशी बोलता येतं, त्याला काही दिलं की तो ऐकतो. ज्याच्याशी देवघेव होते तो राक्षस कसला, तो शेजारी झाला. चिझुरु शेजाऱ्याकडे गेली, नमस्कार करून. ते पान मी काढणार आहे. बाकीचं राहील."

कुजबुज सुरू झाली. तोरासान उशीवरून म्हणाल्या, "म्हणजे माझं पान."

"हो, सासूबाई."

"माझ्या सासूने केलं, तिच्या सासूने केलं. आम्ही सगळ्या जणी मूर्खच होतो म्हणायच्या."

"तुम्ही काकडी सोडायचात तेव्हा मी पाहिलंय. तुम्ही सोडायचात. मूल तुमच्या मागे उभं असायचं आणि तुम्ही एका हाताने त्याचा पट्टा धरलेला असायचा. मी चित्रात तो हात काढलाच नाही. जागा नव्हती म्हणून सोडला."

तोरासान त्यांच्याकडे वळल्या. हे त्यांना अपेक्षित नसावं. मग म्हणाल्या, "पट्टा तर धरावाच लागतो. पोरं काय, जातील कुठेही."

तेव्हा मास्तर बोलले. मला वाटलं आता ते म्हणतील, बघा, मी सांगितलं होतं. पण ते म्हणाले, "शिगेनोसान, पान नुसतं काढलंत तर पुस्तक बोटांवर संपेल. चिझुरुला भाऊ आहे. ती पुन्हा काहीतरी करायला जाईल. काय करायचं ते तिला तुम्ही सांगितलं नाहीत तर ती स्वतः शोधेल."

"हे खरं आहे," शिगेनोसान म्हणाल्या. "तिला पळायला वाट पाहिजे. पाण्यापासून लांबची." मग बायकांकडे वळल्या. "पण माझा कप्पा एकटा किती राखण करणार? नळ आल्यापासून आपण पायऱ्यांवर कोणी बसतो का? सगळं त्याच्यावर टाकून आपण माग चालवतोय. उन्हाळ्यातल्या दुपारी आळीपाळीने कोणीतरी बसलं पाहिजे. मुलीने घाबरून पळत यावं तर समोर कोणी हवं ना."

"मी बसेन," तोरासान म्हणाल्या. "तसंही घरात मला कोण विचारतं?"

त्यावर हशा झाला आणि सभा सैल झाली. नोबुएसान हसली नाही. ती म्हणाली, "नवं पान आधी चिझुरुला दाखवा. ती पुन्हा पायऱ्यांकडे वळली, तर पुस्तक मी स्वतः चुलीत घालीन."

"घाला," शिगेनोसान म्हणाल्या.

नव्या पानासाठी त्यांनी जे केलं ते मी पाहिलं आहे. पहिल्या प्रयत्नात एक मुलगी आईकडे धावत होती. चांगली होती, पण कुठल्याही पुस्तकात असते तशी. चुलीत गेली. दुसऱ्यात तोरासान पायरीवर बसल्या होत्या. चेहरा इतका प्रेमळ झाला होता की कप्पाही जवळ येऊन बसला असता. तीही गेली. मग एका दुपारी त्यांनी मला सांगितलं, मला होडीत घ्या. वाळुंजीखाली होडी नेऊन थांबवायला लावली आणि होडीच्या टोकाच्या फळीवर पाठ टेकून आडव्या झाल्या, डोकं काठाबाहेर, जवळजवळ पाण्याला लागलेलं. तिथून पायऱ्यांकडे बघत राहिल्या. मी बांबू रोवून होडी स्थिर धरली. उभ्याने होडी न हलवता धरून ठेवणं हे ढकलण्यापेक्षा जड काम आहे. माझे दंड थरथरायला लागले तेव्हा त्या उठल्या.

"त्याला काय दिसतं ते बघत होते," म्हणाल्या.

शनिवारी खोली उघडली. आत मुलं, दाराशी नोबुएसान हात बांधून उभी, तिच्यामागे मास्तर. तोरासान मागच्या पायऱ्यांवर उशी घेऊन गेल्या होत्या. त्यांची पाळी होती आणि त्या ती कोणाला देत नव्हत्या. चिझुरु पुस्तकासमोर बसली. शिगेनोसानांनी पुस्तक तिच्याकडे सरकवलं आणि हात मांडीवर ठेवले.

पायऱ्या. पाणी. बुडबुडे. मुळं. तिथे चिझुरु थांबली. मग तिने उलटलं. बोटं. मग पाय आणि बोटं. तिचा श्वास मला दाराशी ऐकू आला. मग तिने शेवटचं पान उलटलं.

ते पान पाण्याखालून काढलं होतं. सगळं मळकट हिरवं, वरच्या बाजूला उजेड. खालच्या कडेने ती बोटं वर आलेली, उघडी, रिकामी. वर पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या टोकावर पाठमोरी, अगदी लहान, धावणारी मुलगी. तिच्या काखेत एक बाळ. कोणीतरी म्हातारी दारातून दोन्ही हात पुढे करून उभी. चेहरे दिसत नव्हते. बोटांपासून त्यांच्यापर्यंत सगळं पान मोकळं होतं.

मास्तर मागून हळूच म्हणाले, "हे आधीच्यापेक्षा भयंकर आहे."

"हो," शिगेनोसान म्हणाल्या. "पण यात पोरगी कोरडी आहे."

चिझुरु बराच वेळ बघत होती. तिने आधी मुलीच्या काखेतल्या बाळावर बोट ठेवलं. मग बोट खाली आणलं, पाण्यातून, त्या उघड्या हातापर्यंत, पण हाताला लावलं नाही.

"याला काहीच मिळालं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मग याला भूक लागली असेल."

दाराशी नोबुएसानने बांधलेले हात सोडले. शिगेनोसान मुलीकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी कठोरपणा पाहिला नव्हता, तेव्हाही नव्हता. मागावर बसताना असतो तसा चेहरा होता, पूर्ण चित्र डोक्यात असलेला.

"लागू दे," त्या म्हणाल्या.

चिझुरुने जरा विचार केला. मग पुस्तक मिटलं, पुढच्या मुलाकडे सरकवलं आणि आईला म्हणाली, "चल, बाळ उठलं असेल."